काखा वर करून

वर्ध्याचा उन्हाळा कोरडा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, तेव्हा कपाळावरचा घाम पुसावाही लागत नाही. तो आपोआप वाळतो आणि मागं मिठाची पांढुरकी रेघ ठेवून जातो. शरीरावरच्या ज्या दोन-तीन जागा या नियमाला जुमानत नाहीत, त्यांतली एक म्हणजे काख. दंड आणि बरगड्यांच्या त्या घडीत वारा शिरत नाही, कातडीला कातडी चिकटलेली असते, आणि वयात आल्यापासून तिथं केसांचं एक छोटं रान माजलेलं असतं. अंगात खादीचा सदरा असो की टेरिकॉटचा शर्ट, ओल पहिल्यांदा तिथंच उमटते.

मराठीनं या जागेला भरपूर कामाला लावलं आहे. पैसे बुडवणारा काखा वर करतो, विसरभोळा काखेत कळसा असताना गावाला वळसा घालतो, पुढाऱ्याभोवती बगलबच्चे असतात, अडचणीच्या प्रश्नाला बगल दिली जाते. यातल्या एकाही वाक्प्रचारात केस नाहीत. काखा वर केल्यावर जे दिसतं, त्याबद्दल भाषा गप्प आणि पुरुषही गप्प. बायकांच्या काखेतल्या केसांची चर्चा जाहिरातदारांनी शंभर वर्षं चव्हाट्यावर केली. पुरुषांचा हा विषय निघतो तो सलूनच्या खुर्चीत, दाढी उरकल्यावर, हलक्या आवाजात : "बगला पण घेऊन टाका, भाऊ." दरपत्रकावर कटिंग, दाढी, मसाज, फेशियल असं सगळं लिहिलेलं असतं, बगलांची ओळ सहसा नसते. कुठं हे काम दाढीच्या पैशांतच होतं, कुठं कारागीर सरळ नाही म्हणतो. त्यालाही नाक असतंच.

पूर्वी ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा काढला गेला, त्या काळी गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार होता. विदर्भात जुनी माणसं त्याला म्हाली म्हणत. सुगीला खळ्यावरून मिळणाऱ्या धान्याच्या बदल्यात वर्षभर घरातल्या सगळ्या पुरुषांचं क्षौर त्याच्याकडे. डोकं, दाढी, नखं, आणि सांगितलं तर काखाही. काखेतल्या धोकटीत वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी आणि तुरटीचा खडा. धोकटी काखेत मारूनच तो घरोघर फिरे, म्हणजे काखेचा धंदा काखेतूनच चाले म्हणायचा. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये जो मोठा ग्रंथ छापला, त्यात न्हाव्यांवरचं प्रकरण केसांविषयीच्या समजुतींनी भरलेलं आहे. केसांत माणसाचं बळ असतं ही कल्पना जगभर कुठं कुठं सापडते, याचा तिथं लांबलचक शोध घेतला आहे.

हा धंदा मुळात स्पर्शाचा. त्यामुळं अस्पृश्यतेची रेघ इथं फार ठळक होती. वस्तरा कुणाच्या गालाला लागायचा आणि कुणाच्या नाही, हे गावानं ठरवलेलं असे, आणि दलित वस्त्यांतली माणसं एकमेकांचे केस आपसांतच कापत. या संदर्भात वर्ध्याशी जोडलेल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाची एक गोष्ट आठवते. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत वकिली करत असताना प्रिटोरियातल्या एका इंग्रज न्हाव्यानं त्यांचे केस कापायला साफ नकार दिला. त्यांनी केस कापायचं यंत्र विकत घेतलं आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच कापले. पुढची बाजू बरी जमली, मागची पार बिघडली. उंदरांनी कुरतडलं की काय म्हणून कोर्टातल्या मित्रांनी चेष्टा केली. आत्मकथेत हा प्रसंग सांगताना त्यांनी त्या न्हाव्याला दोष दिलेला नाही. आपल्याकडचे न्हावी तरी अस्पृश्यांचे केस कुठं कापतात, असा उलटा हिशेब त्यांनी मांडला. पुढं १९३६ मध्ये हाच माणूस वर्ध्याजवळच्या शेगावात येऊन राहिला आणि त्या गावाचं सेवाग्राम झालं. प्रिटोरियात घेतलेल्या त्या यंत्राकडे मात्र या प्रकरणात पुन्हा यावं लागणार आहे, कारण शस्त्रक्रियेआधी केस काढायचेच झाले तर आज डॉक्टर जे साधन सुचवतात, ते त्याच यंत्राचं विजेवर चालणारं नातवंड आहे.

काखेतले केस काढावेत की ठेवावेत, यावर धर्मग्रंथांनी जेवढा विचार केला तेवढा कुठल्याही सौंदर्यप्रसाधनवाल्यानं केलेला नाही. तैत्तिरीय ब्राह्मणात यावरून देव आणि असुरांची एक हकीकतच आहे. असुरांनी आधी डोक्याचे केस काढले, मग दाढी, मग काखा. म्हणजे वरून खाली आले, आणि तसेच अधोगतीला गेले. देवांनी सुरुवात काखेपासून केली, मग दाढी, शेवटी डोकं. ते वर चढत स्वर्गाला पोचले. वस्तरा कुठून कुठं जातो यावर स्वर्ग-पाताळ ठरवणारी ही कथा ज्यानं रचली, त्याला विनोदबुद्धी होती की नाही हे कळायला मार्ग नाही, पण त्या काळी यज्ञाच्या तयारीत काखेतले केस काढले जात, एवढं तिच्यावरून नक्की दिसतं. नंतरच्या विधींमध्ये वारं फिरलं. तीर्थावर किंवा प्रायश्चित्तासाठी क्षौर सांगितलं जातं ते शेंडी, काख आणि गुह्यभाग वगळून. डोकं तुळतुळीत आणि काख शाबूत, असा यजमान मग घरी परततो.

वर्ध्यात गीताई मंदिराच्या परिसरात विश्वशांती स्तूप उभा आहे. तिथल्या मुंडन केलेल्या भिक्खूंकडे पाहून कुणाला वाटेल की त्यांचा दंडक सर्वांगाला लागू असणार. तसं नाही. विनयपिटकात भिक्खूंनी शरीराच्या अडचणीच्या जागांवरचे, म्हणजे काखेतले आणि जांघेतले, केस काढू नयेत असा नियम आहे. कारण नटणं-मुरडणं हे गृहस्थाचं काम. तिथं फोड किंवा व्रण झाला असेल तर मात्र परवानगी. अडीच हजार वर्षांपूर्वीची परंपरा सांगणारा हा नियम आजच्या त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याच्या फारच जवळ जातो.

याच जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला शेख फरीदांचा दर्गा आहे. तिथं नवस फेडायला सगळ्या धर्मांचे लोक जातात. मुस्लिम भाविकांच्या घरी काखेचा प्रश्न मुळात चर्चेचाच नाही. खतना, मिशा कातरणं, नखं कापणं, गुह्यभागाचे केस काढणं आणि काखेतले केस उपटणं या पाच गोष्टी हदीसमध्ये माणसाच्या मूळ स्वभावधर्मातल्या, ‘फितरा’तल्या, म्हणून सांगितल्या आहेत, आणि चाळीस दिवसांपेक्षा जास्त चालढकल करू नये असंही. शब्द ‘उपटणं’ असा आहे, आणि तो काही गमतीचा नाही. नवव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेले इमाम शाफई यांच्याविषयी अशी नोंद आहे की त्यांच्याकडे आलेल्या एका परिचितानं पाहिलं, तर न्हावी त्यांच्या काखेत वस्तरा चालवत होता. इमाम म्हणाले, उपटणं ही सुन्नत हे मला ठाऊक आहे, पण ते दुखणं सोसवत नाही. इतका मोठा धर्मशास्त्री इतक्या सरळपणे कबुली देतो, म्हणून पुढच्या सगळ्या दुबळ्या पुरुषांची सोय झाली.

रोमन लोकांकडे हे उपटण्याचं काम करणारे वेगळे कारागीरच होते. सेनेका एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहत होता. तिथल्या कलकलाटाविषयी त्यानं मित्राला पत्र लिहिलं, त्यात काखेतले केस उपटणारा माणूस किंचाळून किंचाळून गिऱ्हाईक बोलावतो अशी तक्रार आहे. तो गप्प बसतो ते फक्त काम चालू असताना, कारण तेव्हा किंचाळायची पाळी गिऱ्हाइकाची असते.

उपटायचं नाही आणि वस्तराही नको, तर तिसरी वाट रसायनाची. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या उपचारांत लोमशातनाची, म्हणजे केस पाडण्याची कृती दिली आहे : शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, आंबवलेल्या द्रवात वाटायचं. इथंही उद्देश नटण्याचा नाही. जखमेभोवतीचे केस दूर करून औषध लावण्याचा आहे. हरताळ हे सोमलाचं पिवळं खनिज. पोथीत चुकलेलं अक्षर खोडायला लेखनिक त्यावर हरताळ फासत, आणि त्यातूनच आश्वासनांना हरताळ फासणं आलं. तोच हरताळ कातडीवर फासला की केस पुसले जातात. त्यातल्या गंधकाच्या संयुगानं केसाच्या प्रथिनातले गंधकाचे सांधे सुटतात आणि केस चिखलासारखा मऊ होऊन निघून येतो. बाजारात मिळणाऱ्या केस काढायच्या क्रीममध्ये सोमल नसतं, पण युक्ती तीच. तिथं थायोग्लायकोलेट हे गंधकाचंच रसायन सांधे सोडवण्याचं काम करतं. क्रीमला कितीही गुलाबाचा वास घातला तरी मागून येणारा सडक्या अंड्यासारखा दर्प गंधकाचा. सुश्रुताची कृती घरी करून पाहायची नाही, हे वेगळं सांगायला नको. सोमल ते सोमल.

आता वासाचं. काखेत घामाच्या ग्रंथी दोन जातींच्या असतात. एक अंगभर असतात तशा, खारट पाणी सोडणाऱ्या. दुसऱ्या केसांच्या मुळांशी जोडलेल्या, वयात आल्यावरच जाग्या होणाऱ्या. त्यांचा स्राव थोडा, पण स्निग्ध. दोन्ही घाम ताजे असताना त्यांना जवळजवळ वास नसतो. कोरिनेबॅक्टेरियमसारखे जिवाणू त्या स्निग्ध स्रावावर जेवतात आणि त्यांच्या जेवणातून जी आम्लं व गंधकाची संयुगं सुटतात, त्यांना आपण घामाचा वास म्हणतो. केस स्वतः निर्दोष. ते फक्त पृष्ठभाग वाढवतात, ओल धरून ठेवतात आणि साबणाला आत शिरू देत नाहीत.

काखेतली ऊब सगळ्याच जंतूंना मानवते असंही नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग आवडतात : कानाची पाळी, नाक, हातापायांची टोकं. काख त्याला फार गरम पडते, म्हणून कुष्ठाचे चट्टे तिथं सहसा उमटत नाहीत.

पुन्हा वासाकडे येऊ. केस काढले तर तो जातो का? अमेरिकेतल्या शेली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये हे काखेवरच तपासलं. केस काढून धुतलेली काख केसाळ काखेपेक्षा जास्त वेळ वासमुक्त राहते, असं त्यांना दिसलं. चेक संशोधकांनी २०१२ मध्ये पुरुषांच्या काखेचा घाम कापसाच्या बोळ्यांवर गोळा करून तो इतरांना हुंगायला दिला. फरक पडला तो थोडा, आणि केस वाढू लागल्यावर तोही विरला. २०१६ मध्ये तीस पुरुषांवर आणखी एक अभ्यास झाला : कुणाचे केस आखूड केले, कुणाचे वस्तऱ्यानं काढले, कुणाला वॅक्सिंग केलं. नुसत्या आखूड करण्यापेक्षा पूर्ण काढून साबणानं धुतल्याचा परिणाम चांगला दिसला. हा अभ्यास जिलेटची मालकी असलेल्या कंपनीच्या शास्त्रज्ञांचा. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण पाती विकणाऱ्यानं पात्याची शिफारस केली आहे एवढं लक्षात ठेवून वाचावा. साबण आणि पाणी हेही पात्रांच्या यादीत आहेत, हे विसरू नये.

डिओडरंटची जाहिरात मात्र भरपूर झाली. भारतात पुरुषांच्या डिओच्या जाहिराती इतक्या थराला गेल्या की मे २०११ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं त्यांच्या अश्लीलतेची दखल घेतली. गंमत अशी की आपल्याकडे डिओ बहुतेक जण फवारतात ते शर्टावर, अत्तरासारखं. काखेपर्यंत तो पोचतच नाही. न्हाव्याच्या धोकटीतली तुरटी तरी थेट कातडीवर फिरते. तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार, आणि घाम अडवणाऱ्या महागड्या रोल-ऑनमध्येही ॲल्युमिनियमचेच क्षार असतात. पांढऱ्या सदऱ्याच्या काखेत जे पिवळे डाग पडतात आणि धोब्याकडूनही जात नाहीत, त्यांत घामाइतकाच या क्षारांचाही वाटा असतो.

काही वेळा केस काढणं हा शौक नसून इलाज असतो. पावसाळ्यात, घाम वाळत नाही अशा दिवसांत, काहींच्या काखेतल्या केसांवर पिवळसर मेणचट थर जमतो, केस जाड वाटतात, वास उग्र होतो आणि बनियनला पिवळा रंग लागतो. लोक याला बुरशी समजतात. असतात ते जिवाणूच, केसाच्या दांड्यावर वसाहत करून बसलेले. केस काढून जागा रोज धुतली की बहुधा प्रश्न मिटतो. उलट प्रकारही आहे. चुकीच्या हजामतीनं केसतोड होते, आणि काखेतला तो ठसठसणारा फोड, ज्याला जुनी माणसं काखमांजरी म्हणतात, माणसाला आठवडाभर हात पसरून चालायला लावतो. अशा गाठी पुन्हा पुन्हा येऊन फुटत असतील, व्रण राहत असतील, तर तो वेगळा, चिवट त्वचाविकार असू शकतो आणि त्यावर वस्तरा चालवणं म्हणजे आगीत तेल.

मराठीत एखाद्याची बिनपाण्यानं हजामत करणं म्हणजे त्याची पुरती फजिती करणं. काखेच्या बाबतीत हा वाक्प्रचार शब्दशः घ्यावा. इथले केस गालावरच्यासारखे एका दिशेनं वाढत नाहीत. काही वर, काही खाली, काही भोवऱ्यासारखे. म्हणून आधी कात्रीनं किंवा ट्रिमरनं आखूड करायचे, आंघोळीच्या शेवटी कातडी मऊ झाल्यावर साबणाचा फेस लावायचा, हात डोक्यामागं नेऊन कातडी ताणायची आणि केसांच्या वळणानं हलक्या हातानं पातं फिरवायचं. दाबलं की कापलं. लगेच वर डिओ मारला तर जी आग होते, ती एकदा झाल्यावर माणूस पुन्हा विसरत नाही. रात्री केस काढावेत आणि फवारा सकाळवर टाकावा. वॅक्सिंगला केस किमान अर्धा सेंटिमीटर वाढलेले लागतात. लेझरचा किरण केसातल्या काळ्या रंगाला लक्ष्य करतो, त्यामुळं सावळ्या कातडीत तो कातडीच्या रंगालाही पकडू शकतो. आपल्या वर्णाला लांब तरंगलांबीची, १०६४ नॅनोमीटरची यंत्रं सुरक्षित मानली जातात. सहा-आठ बैठका लागतात, आणि केस विरळ होतात, कायमचे नामशेष होतातच असं नाही.

आणि काहीच केलं नाही तर? काही बिघडत नाही. काखेतला केस डोक्यावरच्यासारखा वाढत राहत नाही. त्याच्या वाढीचा काळ छोटा, म्हणून ठरावीक लांबीला तो आपोआप थांबतो. वस्तरा फिरवल्यानं तो दाट होतो ही समजूत खोटी आहे. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून तो खरखरीत आणि जाड भासतो, एवढंच.

वस्तऱ्याविषयी सर्वांत मोठा धडा सलूनमधून नव्हे, दवाखान्यातून आला. सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानं ग्रामीण भागातलं वैद्यकीय महाविद्यालय निघालं, त्या काळात जगभरच्या दवाखान्यांत शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे केस वस्तऱ्यानं साफ करण्याचा शिरस्ता होता. कॅनडात कॅलगरीच्या क्रूझ आणि फोर्ड यांनी २३,६४९ जखमांचा पाच वर्षं पाठपुरावा केला आणि १९७३ मध्ये आकडे मांडले. वस्तऱ्यानं केस काढलेल्यांत स्वच्छ जखमा चिघळण्याचं प्रमाण २.३ टक्के, नुसते आखूड केलेल्यांत १.७, आणि केसांना हातच न लावलेल्यांत ०.९. डोळ्यांना दिसत नाहीत असे वस्तऱ्याचे ओरखडे जंतूंना दार उघडून देतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये सांगून टाकलं की शस्त्रक्रियेआधी केस काढू नयेत, अगदीच गरज पडली तर यंत्रानं आखूड करावेत, वस्तरा कधीच नको. प्रिटोरियातल्या यंत्राचं नातवंड ते हेच.

ओरखड्यांची भीती सलूननं आपल्या पद्धतीनं आधीच ओळखली होती. एड्सची धास्ती पसरली तेव्हापासून जुना वस्तरा मागं पडला आणि पातं बदलायचा वस्तरा आला. कारागीर नवं पातं कागदासकट मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात बसवतो, अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो. वर्ध्यात बजाज चौकाच्या आसपासच्या कुठल्याही सलूनमध्ये दुपारच्या सामसुमीत पंख्याच्या घरघरीवरही तो बारीक ‘टक्’ आवाज ऐकू येतो. जाणतं गिऱ्हाईक तो कानावर पडेपर्यंत हात वर करत नाही.